मुलास कोणत्या शाळेंत घालावें ?

धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते, त्याच सुमारास आमच्या भागांतील शेतकऱ्याच्या घरीं दुसरा एक प्रश्न उभा राहतो. विदर्भांतील शाळा कडक उन्हाळ्यामुळें जून महिन्याच्या अखेरीस उघडतात, व तत्पूर्वीं मुलाचें नांव कोणत्या शाळेंत घालावयाचें हें ठरवावें लागतें. एका पिढीपूर्वीं खेड्यांत हा प्रश्न फारसा नव्हता. गांवांत जिल्हा परिषदेची शाळा असे. मूल सहा वर्षांचें झालें कीं पाटीदप्तर घेऊन तें तेथें जाई. आज तशी स्थिति राहिली नाहीं. वैनगंगेच्या पश्चिम तीरावरील सावली तालुक्यासारख्या, धान व जंगल यांवर जगणाऱ्या भागांतही सकाळच्या प्रहरीं खासगी शाळांच्या मोटारी मुलें गोळा करीत फिरतात. आणि ज्याच्या पदरीं चार एकर जमीन आहे त्याला, आपलें मूल ‘कॉन्व्हेंट’मध्यें नाहीं म्हणजे आपण कांहीं तरी उणें केलें, असें वाटूं लागतें.

शेतकीच्या मासिकांत ह्या विषयावर लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन उघड आहे. बी, खत, मजुरी व सोसायटीचें कर्ज यांच्या मागोमाग शेतकऱ्याच्या मिळकतीवर आतां शाळेचा खर्च बसूं लागला आहे. आणि ज्या मुलाकरितां तो करावयाचा, त्याच्याच हातीं पुढें जमीन राहावयाची किंवा त्याच्या हातून ती सुटावयाची आहे. तेव्हां बियाण्याची निवड आपण जितक्या काळजीनें करतों, निदान तितक्या काळजीनें शाळेची निवड व्हावी, ही अपेक्षा वावगी नाहीं.

शाळांचे प्रकार

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘सरकारी’ व ‘खासगी’ असे शाळांचे दोनच प्रकार आहेत, असें सामान्यतः समजलें जातें. वस्तुतः ते तीन आहेत. जिल्हा परिषदेची अथवा नगरपालिकेची शाळा हा पहिला प्रकार. संस्थेनें चालविलेली, पण शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानांतून देणारी शाळा हा दुसरा. खेड्यापाड्यांतील पुष्कळशीं माध्यमिक विद्यालयें ह्या प्रकारांत मोडतात. अनुदान न घेतां केवळ फीवर चालणारी शाळा हा तिसरा प्रकार होय. महाराष्ट्रांत स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ सालचा असून, त्यानंतर अशा शाळा काढण्याची वाट अधिक मोकळी झाली.

म्हणून ‘खासगी’ ह्या शब्दास सरसकट नाक मुरडण्याचें कारण नाहीं. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं काढलेली रयत शिक्षण संस्था खासगीच, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्थाही खासगीच. शेतकऱ्यांच्या हजारों मुलांनीं ह्या संस्थांमुळें हायस्कुलाची व कॉलेजाची पायरी पाहिली. गरिबाच्या मुलास दार उघडें ठेवावें, हाच त्या संस्थांच्या जन्माचा हेतु होता. आज जो पेंच पडला आहे तो पहिल्या व तिसऱ्या प्रकारांमधला आहे, व पुढील विवेचन त्याविषयीं आहे.

गांवची शाळा आयती मिळालेली नाहीं

गांवच्या शाळेकडे पाठ फिरविण्यापूर्वीं ती कशी आली, हें आठवणें बरें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन मांडलें. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस मिळतो, ही त्यांची तक्रार होती. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी होती. १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक कायदेमंडळांत आणलें. तें मंजूर झालें नाहीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला.

आमच्या भागाचाही ह्या इतिहासांत वांटा आहे. १९३६ सालच्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाचें संमेलन सावलीस भरलें होतें व त्यासाठीं महात्मा गांधी येथें आले होते. पुढल्याच वर्षीं, १९३७ च्या ऑक्टोबरांत, वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचें शिक्षण सर्वांस मोफत व सक्तीचें असावें, तें मातृभाषेंतून द्यावें आणि हाताच्या उद्योगाशीं त्याची सांगड घालावी, असें तेथें ठरलें, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याचा आराखडा केला. त्याच सुमारास मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनीं ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. खेड्यांत कोणी जमीन दान करावी, तिच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा पगार निघावा व शाळा चालावी, ही त्या योजनेची मध्यवर्ती कल्पना. १९३९ सालीं काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले व योजना मागें पडली. परंतु शेताच्या एका तुकड्याचें पीक गांवच्या सर्व मुलांच्या शिक्षणाकडे लावावें, ही गोष्ट येथील शेतकऱ्यास नवखी नव्हती, एवढें त्यावरून दिसतें.

१९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलांत आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास तो हक्क लाभला. फुल्यांच्या निवेदनापासून येथपर्यंत येण्यास १२८ वर्षें लागलीं. इतक्या कष्टानें मिळालेली वस्तु टाकून देतांना तिची किंमत एकदां मोजावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

लोक गांवची शाळा कां सोडतात

गांवची शाळा सोडणारा प्रत्येक बाप मोठेपणासाठींच सोडतो, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. चार वर्ग व दोन शिक्षक अशी पुष्कळ शाळांची स्थिति आहे. त्यांतील एक बैठकीस किंवा प्रशिक्षणास गेला कीं चारही वर्ग एकाच्या गळ्यांत पडतात. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज दुसरें कोणतेंही अशैक्षणिक काम शिक्षकास सांगूं नये, असें कायदा म्हणतो. परंतु माहिती भरणें, फोटो पाठविणें, तक्ते पुरे करणें यांत त्याचे तास जातात, हें गांव पाहतच असतो. बदली झालेल्या शिक्षकाच्या जागीं दुसरा येण्यास कधीं कधीं महिने लागतात. जंगलपट्टींत नेमणूक नको, असें वाटणारे शिक्षकही आहेत.

दुसरें एक कारण फारसें बोललें जात नाहीं, पण आमच्या मतें तेंच सर्वांत मोठें आहे. जिल्हा परिषदेची शाळा बहुधा पहिलीपासून, म्हणजे मुलाच्या सहाव्या वर्षापासून सुरू होते. खासगी शाळा त्यास तिसऱ्या वर्षींच नर्सरींत घेते. तीन वर्षें तेथें काढलेलें मूल पहिलीला गांवच्या शाळेंत परत कोण आणणार ? सोबती तेथें, ओळख तेथें. अशा रीतीनें निवड झाली असें घरच्यांस वाटतें, परंतु ती मुलाच्या तिसऱ्या वर्षींच, विचार न होतां, होऊन गेलेली असते. गांवची अंगणवाडी नीट चालती, तर ह्यांतील निम्मीं मुलें हललींच नसतीं.

तिसरें कारण इंग्रजीचें. इंग्रजी यावी, ही इच्छा योग्य आहे. तीस हंसणाऱ्यांचीं स्वतःचीं मुलें बहुधा इंग्रजींतच शिकत असतात. परंतु इंग्रजी ही भाषा शिकणें निराळें, आणि सर्वच विषय इंग्रजींतून शिकणें निराळें. ह्या भेदाकडे आतां वळूं.

शिकणें व शिकल्यासारखें दिसणें

‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही पाहणी खेड्यांतील मुलांस घरीं गांठून त्यांचें वाचन व गणित तपासते. तिच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांत सरकारी शाळांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचूं शकणारीं शेंकडा ४४.८ होतीं, खासगी शाळांतील ५९.३. हे आंकडे पाहून कोणी म्हणेल कीं, निकाल लागला. परंतु दुसरी बाजूही पाहावी. खासगी शाळेंत जाऊनही दर दहांतील चार मुलें पांचवींत दुसरीचें पुस्तक वाचूं शकत नाहींत. त्यांच्या बापांनीं पांच वर्षें फी भरली ती कशाची ?

शिवाय हे दोन आंकडे शेजारीं ठेवणें म्हणजे ओलिताच्या व कोरडवाहू शेताचा उतारा ताडून पाहण्यासारखें आहे. खासगी शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या घरीं बहुधा शिकलेले आईबाप, चार पुस्तकें व शिकवणीची सोय असते. तें मूल कोठेंही गेलें तरी थोडें पुढेंच राहिलें असतें. ही अडचण ओळखून शेजारच्या आंध्र प्रदेशांत, राज्याच्या विभाजनापूर्वीं, पांच जिल्ह्यांतील १८० गांवांत एक प्रयोग करण्यांत आला. ज्या मुलांस खासगी शाळेंत जावयाचें होतें, त्यांच्यांत चिठ्ठ्या टाकून कांहींस फी देण्यांत आली व कांहींस नाहीं. म्हणजे जमीन एकच, बी एकच. फरक फक्त शाळेचा. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनीं त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध केले. दोन वर्षांनीं व पुन्हां चार वर्षांनीं परीक्षा घेतल्या असतां तेलुगू व गणित यांत दोन्हीं गटांत फरक आढळला नाहीं. हिंदी हा विषय खासगी शाळा शिकवीत, त्यांत तेवढीं तीं मुलें पुढें होतीं.

ह्या प्रयोगानें खासगी शाळांची एक गोष्ट मान्य करावी लागते. दर मुलामागें त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता, आणि तेलुगू व गणितास कमी वेळ देऊनही त्यांनीं तितकेंच शिकविलें. सरकारी शाळेच्या अभिमान्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. परंतु मुलास मोटारींत बसविलें म्हणजे त्याची विद्या आपोआप वाढते, ही समजूत मात्र त्यांतून टिकत नाहीं.

बोली, पुस्तक आणि इंग्रजी

आमच्या भागांतील मूल घरीं झाडीबोली बोलतें. जंगलपट्टींत गोंडी बोलतें. ‘ण’चा ‘न’ करणाऱ्या ह्या मुलास मराठी पुस्तक समजावयास एक पायरी चढावी लागते. इंग्रजी माध्यमांत तीच पायरी फार उंच होते. कारण घरीं ती भाषा बोलणारें कोणी नाहीं, बाजारांत नाहीं, शेतांत नाहीं. मग मूल पाठ करतें. पावसाची कविता तें इंग्रजींत घडाघडा म्हणतें, पाहुण्यांपुढें आईबापांचा ऊर भरून येतो. परंतु तिसऱ्या वर्गांतील गणिताचें उदाहरण वाचून त्यांत काय विचारलें आहे हें त्यास सांगतां येत नाहीं. बाप किंवा आई मराठींत सातवी, दहावी शिकलेलीं असतात. मराठी शाळेंतील मुलाचा अभ्यास तीं रात्रीं घेऊं शकतात. इंग्रजी पुस्तक हातीं आलें कीं घरचा हा शिक्षक मुका होतो, व शिकवणीचा खर्च वाढतो.

१९३७ सालीं वर्ध्यानें मातृभाषेचा आग्रह धरला. शिक्षण हक्काच्या कायद्यानें शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असें सांगितलें. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिक्षण असावें, असें म्हटलें. तीन निराळ्या काळांतील निराळ्या विचारांच्या माणसांनीं एकच गोष्ट सांगावी, हें उगीच नव्हे. इंग्रजीसाठीं दुसरी वाट आहे. मराठी शाळेंतही इंग्रजी हा विषय पहिलीपासून आहे, व पुष्कळ मराठी शाळांत गणित-विज्ञान इंग्रजींतून शिकविण्याची ‘सेमी-इंग्रजी’ पद्धति चालूं आहे. ती आपल्या शाळेंत सुरू व्हावी, ही मागणी गांवानें करावी.

खर्चाचा हिशेब धानांत करावा

फी महिन्याची सांगतात, म्हणून ती लहान वाटते. ती वर्षाची करावी व धानांत मोजावी. समजा, फी, मोटार, पोषाख, पुस्तकें व समारंभ मिळून एका मुलाचे वर्षास २५,००० रुपये होतात. साधारण धानाची २०२५-२६ ची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये आहे. म्हणजे साडेदहा क्विंटल धान एका मुलाच्या एका वर्षास गेलें. पहिली ते दहावी धरल्यास शंभराहून अधिक क्विंटल. आपल्या किती बांध्यांचें पीक तें, हें वाचकानें स्वतःच मोजावें; आणि ज्या वर्षीं तुडतुडा पडतो किंवा कापणीच्या वेळीं पाऊस येतो, त्या वर्षींही फी माफ होत नाहीं, हेंही त्यांत धरावें.

खर्च करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तो केव्हां करावा, हा प्रश्न आहे. पहिली-दुसरींत पैसा ओतून दहावीनंतर हात आंखडणारीं घरें थोडीं नाहींत. बारावी, कृषि महाविद्यालय, अभियांत्रिकी, परिचारिकेचा अभ्यासक्रम, वसतिगृह हा खरा मोठा खर्च पुढें असतो. लहानपणीं जें गांवांत विनामूल्य मिळतें तें घ्यावें व तोच पैसा मुलाच्या सोळाव्या वर्षासाठीं राखावा, हें शेतकऱ्याच्या हिशेबास धरून आहे. पांचवींतल्या मुलास नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस बसवावें. सहावीपासून राहणें-जेवणासह शिक्षणाची ती सोय आहे, तेथील निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत, व परीक्षा मराठींतूनही देतां येते.

मिळकत फारच थोडी आहे, त्यानें आणखी एक हक्क ओळखावा. विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांस मोफत ठेवाव्या लागतात. दुर्बल घटकासाठीं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. जवळ सरकारी अथवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस ह्या बंधनांतून सूट देण्याचा प्रयत्न शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें केला. मुंबई उच्च न्यायालयानें तो त्याच वर्षीं जुलैंत रद्द ठरविला. हा हक्क मागण्यांत कमीपणा नाहीं. तो आठवीपर्यंतच आहे, नववीपासून फी भरावी लागेल, एवढें आधीं जाणावें.

अंतर हा लहान विषय नाहीं

पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असा महाराष्ट्रांत नियम आहे. शहरांत हा सोयीचा प्रश्न असेल. आमच्या भागांत तो जिवाचा प्रश्न आहे. वाघाचें भय येथील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. हिवाळ्यांत धुकें असतांना, सकाळीं लवकर, जंगलाच्या कडेला मोटारीची वाट पाहत उभें राहणारें सहा वर्षांचें मूल आणि गांवच्या गल्लींतून दहा पावलें चालून शाळेंत जाणारें मूल यांत फरक आहे. रोजचे दोन तास वाटेंत गेले म्हणजे वर्षाच्या दोनशे दिवसांत चारशे तास गेले. कायद्यानें पहिली ते पांचवीस वर्षाचे आठशे तास शिकवणें ठरविलें आहे. त्याच्या निम्मा वेळ केवळ धक्के खाण्यांत जातो.

शाळेची परीक्षा कशी घ्यावी

धानाचें बी पेरण्यापूर्वीं तीन टक्के मिठाच्या पाण्यांत टाकून आपण पोचट दाणे वेगळे करतों. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून किती उगवतात तें पाहतों. थैलीवरील चित्र पाहून बी घेणारा फसतो, हें सर्वांस ठाऊक आहे. शाळेचीही अशीच परीक्षा घ्यावी. इमारत, पोषाख व फलक ही थैली झाली.

पहिली गोष्ट : तिसरींतील कोणतींही पांच मुलें घेऊन त्यांस दुसरीचें पुस्तक वाचावयास द्यावें व वाचलेलें स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावें. पांचवींतल्या मुलांस तीन आंकडी संख्येस एका आंकड्यानें भागावयास द्यावें. शाळेनें निवडून पुढें केलेलीं मुलें घेऊं नयेत.

दुसरी गोष्ट : मंजूर शिक्षक किती, हजर किती व शिकविण्यास पात्र किती, हें विचारावें. प्राथमिक शाळेंत साठ मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असें कायदा सांगतो. खासगी शाळेंत गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हेंही विचारावें. तुटपुंज्या पगारावरचा शिक्षक दुसरी नोकरी मिळतांच जातो, व मुलास दरवर्षीं नवा चेहरा पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट : खासगी शाळेचें मान्यतापत्र पाहावें व मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे तें वाचावें. मान्यतेवांचून शाळा चालविणें कायद्यानें मना आहे. चौथीनंतर मूल पुन्हां कोठें जाणार, ह्याचाही विचार आजच करावा.

चौथी गोष्ट : जें मूल मागें पडलें आहे त्याचें ही शाळा काय करते, हें विचारावें. हुशार मुलाचें कौतुक कोणतीही शाळा करते. मागें पडलेल्याचें उत्तर जेथें मिळतें, ती शाळा खरी.

मुलगा आणि मुलगी

येथें एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ घरांत मुलगा मोटारीनें खासगी शाळेंत व मुलगी पायीं गांवच्या शाळेंत, अशी वांटणी झालेली दिसते. गांवची शाळा चांगली आहे असें बापास मनापासून वाटत असेल, तर मुलास ती कां नको ? आणि वाईट आहे असें वाटत असेल, तर मुलीस ती कशी चालते ? दोघांनाही एकाच मापानें मोजावें. ज्या घरांत दोन मापें आहेत, त्या घरानें शाळेची निवड केलेली नसून मुलांची निवड केली आहे.

तलावाची गोष्ट

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव आहेत. ते सर्वांनीं मिळून राखावयाचे, गाळ काढावयाचा, पाळीस माती टाकावयाची, व पाणी वांटून घ्यावयाचें, अशी रीत होती. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि ‘आतां सरकार पाहील’ असें म्हणून गांवानें हात झटकले. ज्याची ऐपत होती त्यानें आपल्या शेतांत विहीर खणली व पंप बसविला. त्याचें पीक साधलें. परंतु तो पाळीकडे फिरकेनासा झाला. पाळ फुटली तर ओरडणारा मोठा माणूस गांवांत उरला नाहीं. राहिले ते दोन बांध्यांचे धनी, ज्यांचें तहसिलींत कोणी ऐकत नाहीं.

गांवच्या शाळेचें आज हेंच होत आहे. जो वाचूं शकतो, अर्ज लिहूं शकतो, पंचायत समितींत जाऊन विचारूं शकतो, असा शेतकरी आपलें मूल काढून नेतो. शाळेंत उरतात शेतमजुराचीं, विधवेचीं, कुडाच्या घरांतलीं मुलें. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर त्यांचे आईबाप कोणाकडे जाणार ? पट घटतो, पट घटला म्हणून शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला म्हणून पट आणखी घटतो. शेवटीं शाळा बंद करावी असा विचार वरून येतो. २०१७ सालीं दहापेक्षां कमी पट असलेल्या सुमारें १,३०० शाळा बंद करून मुलें जवळच्या शाळेंत पाठविण्याचा निर्णय शासनानें घेतला होता. २०२३ सालीं लहान शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना पुढें आली. गांवाची शाळा एकदां बंद झाली कीं ती पुन्हां उघडणें दुर्मिळ. मग ज्या घरची परिस्थिति उद्यां खालावेल, त्या घरच्या नातवासही ती मिळणार नाहीं. शेतकऱ्याचें घर आज सुस्थितींत आहे, उद्यांचें कोणी सांगावें ?

आपल्या मुलास गांवासाठीं बळी द्यावें, असा उपदेश आम्ही करणार नाहीं. कोणताही बाप तो ऐकणार नाहीं व त्यानें ऐकूंही नये. परंतु हातांत असलेला अधिकार न वापरतां घर सोडून जाणें हा शहाणपणा नव्हे. कायद्याप्रमाणें गांवच्या शाळेची शाळा व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणें, अनुदान कोठें खर्च झालें तें पाहणें, शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, हीं तिचीं कामें होत. फीवर चालणाऱ्या खासगी शाळेस अशी समिति ठेवण्याचें बंधन नाहीं. तेथें पालकसंघास फीच्या बाबतींत बोलतां येतें, शाळेचा कारभार मात्र चालकांचा. तेथें आपण गिऱ्हाईक आहों, येथें आपण धनी आहों. धन्यानें शेतावर जाणें सोडलें, तर पिकाबद्दल गड्यास बोल कसा लावावा ?

काय करावें

आमचें मत थोडक्यांत असें. गांवच्या शाळेची वर सांगितल्याप्रमाणें प्रथम परीक्षा घ्यावी. ती उतरली, तर मुलगा असो वा मुलगी, मूल तेथेंच घालावें, घरीं रोज अर्धा तास त्याचें वाचन ऐकावें, आणि उरलेला पैसा पुढील शिक्षणासाठीं वेगळा ठेवावा. ती उणी ठरली, तर पांच-सात शेतकऱ्यांनीं मिळून समितींत जागा घ्यावी, शिक्षकाची रिकामी जागा भरण्याविषयीं ग्रामसभेंत ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावा, अंगणवाडी नीट चालते कीं नाहीं तें पाहावें, व सेमी-इंग्रजीची मागणी करावी. एका घरचा अर्ज फायलींत राहतो. सात घरांचा अर्ज उत्तर मागतो. एवढें करूनही वर्षाअखेर मुलें वाचावयास शिकत नसतील, तर बापानें खुशाल दुसरी शाळा पाहावी. परंतु तीही तिसरीच्या मुलाकडून पुस्तक वाचवून घेऊनच पाहावी.

शाळा उघडण्यास अजून अवकाश आहे. पऱ्हे टाकून झाल्यावर रोवणीपर्यंत जे दिवस मिळतात, त्यांतील एक सकाळ आमच्या प्रत्येक वाचकानें गांवच्या शाळेंत घालवावी. मागच्या बांकावरील मुलाच्या हातीं पुस्तक द्यावें व तें काय वाचतें हें ऐकावें. निर्णय त्यानंतर करावा.